प्रस्तावना : थायरॉईडचा सूक्ष्म कर्करोग आणि शस्त्राविना उपाय

गळ्याच्या दर्शनी भागी, स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनलिकेला दोन्ही अंगांनी बिलगून असलेली थायरॉईड ही ग्रंथी प्रौढ माणसात वजनाने १५ ते २५ ग्रॅमांची, म्हणजे अगदीच लहान. परंतु शरीराची उष्णता, हृदयाची गती, मुलांची वाढ आणि बुद्धीचा विकास या सर्वांवर तिचा अंमल चालतो, आणि तिच्या पाठीशी, बोटभर जागेत, आवाजाचे नियमन करणारे मज्जातंतू व रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणाऱ्या चार चिमुकल्या पॅराथायरॉईड ग्रंथी अशा दाटीने वसलेल्या आहेत की, या प्रदेशात शस्त्र घेऊन उतरणाऱ्यास प्रत्येक पावलास जपावे लागते. या ग्रंथीत उद्भवणाऱ्या, एक सेंटिमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कर्करोगाच्या ज्या गाठींना वैद्यकात ‘पॅपिलरी मायक्रोकार्सिनोमा’ असे नाव आहे, त्यांच्यासंबंधी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वैद्यकाच्या विचारात जे परिवर्तन घडले, आणि त्याच काळात शस्त्रक्रियेस पर्याय म्हणून सुईच्या साह्याने गाठ जागच्या जागी नष्ट करण्याच्या ज्या पद्धती पुढे आल्या, त्यांचा परिचय मराठी वाचकास करून द्यावा, हा या प्रस्तावनेचा हेतू होय.

असा परिचय आवश्यक वाटण्याचे कारण उघड आहे. कर्करोगाचे निदान कानी पडताच घरातील वडीलधाऱ्यांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी एकच शब्द येतो, तो म्हणजे ‘काढून टाका’. आणि यात त्यांचे काही चुकते असेही नाही, कारण ज्या देशात मुखाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग उशिरा लक्षात आल्यामुळे असंख्य माणसे हकनाक गेली, त्या देशातील लोकांनी लवकर शोधण्याचा आणि लवकर काढण्याचा धडा मोठी किंमत देऊन गिरवलेला आहे. तोच नियम थायरॉईडच्या सूक्ष्म गाठींना जसाच्या तसा लावला तर रोगापेक्षा इलाजाचाच उपद्रव अधिक होऊ शकतो, ही गोष्ट ऐकणाऱ्यास प्रथम पटत नाही. म्हणून तिची हकीकत मुळापासून सांगितली पाहिजे.

थायरॉईडवरील शस्त्रक्रियेचा आरंभीचा इतिहास भीषण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांमुळे मृत्यूचे प्रमाण इतके होते की, मोठमोठे शस्त्रवैद्य या ग्रंथीस हात लावण्यास धजत नसत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर यांनी निर्जंतुक पद्धतीचा आणि रक्तवाहिन्या एकेक करून बांधत जाण्याचा असा काटेकोर बंदोबस्त केला की हे प्रमाण अत्यल्प झाले, आणि १९०९ साली त्यांना या ग्रंथीवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांच्या चरित्रातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग पारितोषिकाचा नव्हे. १८७४ साली त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली होती. पुढे त्या मुलीची वाढ खुंटली, बुद्धी मंदावली, असे कळल्यावर, आणि जिनिव्हाच्या रेव्हर्दँ यांनीही तसाच अनुभव नमूद केल्यावर, कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासले, तेव्हा ज्यांची ग्रंथी समूळ काढली होती त्यांपैकी बहुतेकांत ती अवकळा दिसून आली. १८८३ साली बर्लिनच्या शस्त्रवैद्यांच्या परिषदेत त्यांनी ही कैफियत स्वतः होऊन मांडली आणि निरुपद्रवी गाठीसाठी संपूर्ण ग्रंथी काढणे आपण सोडून देत आहोत, असे जाहीर केले. यशस्वी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे पुढे काय झाले, हे विचारण्याची ही जी रीत त्यांनी घातली, तिच्यावाचून आजच्या विषयाचा विचारच करता येत नाही.

त्यानंतर केंडॉल यांनी १९१४ साली या ग्रंथीचा स्राव असलेले थायरॉक्झिन वेगळे केले, १९२७ साली ते प्रयोगशाळेत तयार करता आले, आणि ग्रंथी गमावलेल्या माणसास रोजच्या एका गोळीवर सुखाने जगता येऊ लागले. पॅराथायरॉईड ग्रंथींची ओळख मात्र त्यापूर्वीची, एकोणिसाव्या शतकातली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शरीरात रिचर्ड ओवेन यांना त्या प्रथम दिसल्या, आणि मानवी शरीरात त्या १८८० साली उप्साला येथील सँडस्ट्रम नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने दाखवून दिल्या. गोळी उपलब्ध झाल्याने एक अनिष्ट परिणाम मात्र झाला, तो असा की, कोखर यांना जी भीती वाटत असे ती पुढच्या पिढ्यांना वाटेनाशी झाली, आणि कर्करोगाची शंका येताच संपूर्ण ग्रंथी काढण्याचा प्रघात सर्वत्र रूढ झाला.

या प्रघातास पहिला धक्का बसला तो शवागारात. फिनलंडमधील संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १०१ मृत व्यक्तींच्या थायरॉईड ग्रंथींचे अडीच-अडीच मिलिमीटरांचे काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता, ३६ ग्रंथींत पॅपिलरी कर्करोगाचे लहानसे ठिपके आढळले. म्हणजे दर तीन माणसांत एकाहून अधिक माणसे हा रोग गळ्यात घेऊन, त्याचा पत्ताही न लागता, आयुष्य पुरे करून गेली. आणि कापांच्या मधल्या जागेत किती ठिपके निसटले असतील, तो हिशेब वेगळाच. जो रोग इतक्या जणांत असतो आणि इतक्या थोड्यांना मारतो, तो शोधण्याचे साधन जर उद्या घरोघरी पोचले तर काय होईल, हा प्रश्न त्या अभ्यासातच दडलेला होता.

त्याचे उत्तर दक्षिण कोरियाने दिले. त्या देशाच्या सरकारने १९९९ साली कर्करोगाच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात थायरॉईडचा समावेश नव्हता; परंतु तपासणीस आलेल्या माणसास थोड्याशा जादा शुल्कात गळ्याची सोनोग्राफीही करून देण्याची सोय रुग्णालयांनी ठेवली, आणि लोकांनीही ती मोठ्या उत्साहाने स्वीकारली. २०११ साली थायरॉईडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या तुलनेत १५ पट झाले आणि एका वर्षात ४०,००० हून अधिक माणसांना हे निदान सांगण्यात आले; याच अवधीत या रोगाने मरणाऱ्यांची संख्या मात्र, वर्षाला तीन-चारशेच्या आसपास, होती तिथेच राहिली. निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येकाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांची संपूर्ण ग्रंथी गेली. १५,००० हून अधिक रुग्णांची विम्याची दप्तरे तपासली तेव्हा ११ टक्के लोकांत पॅराथायरॉईडचे कार्य उणावलेले आणि २ टक्क्यांत स्वररज्जूचा पक्षाघात असा तपशील हाती आला. या आकड्यांकडे केवळ शेकडेवारी म्हणून पाहू नये. ज्याच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरते, बोटांना मुंग्या येतात, हातपाय वळतात, आणि जो आयुष्यभर कॅल्शियमच्या गोळ्या उशाशी ठेवून निजतो, किंवा ज्या शिक्षिकेचा वर्गात चालणारा आवाज घोगरा होऊन बसतो, त्यांना जर तो रोग न शोधला जाता तर काहीच झाले नसते, ही जाणीव कोणाही विचारी वैद्यास अस्वस्थ करील. २०१४ साली कोरियातील काही डॉक्टरांनी एकत्र येऊन या सरसकट तपासणीविरुद्ध आवाज उठवला, आणि वर्षभरातच शस्त्रक्रियांची संख्या सुमारे ३५ टक्क्यांनी उतरली. पुढे २०१७ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञमंडळानेही, ज्यांना काही लक्षण नाही अशा प्रौढांची थायरॉईडच्या कर्करोगासाठी तपासणी करू नये, असाच अभिप्राय नोंदवला.

कोरियात ही लाट उसळण्यापूर्वीच जपानात एका शस्त्रवैद्याने वेगळी वाट धरली होती. कोबे येथील कुमा रुग्णालय हे थायरॉईडच्या विकारांना वाहिलेले. तेथील अकिरा मियाउची यांनी १९९३ साली असा प्रस्ताव मांडला की, धोक्याची लक्षणे नसलेल्या सूक्ष्म कर्करोगाच्या रुग्णांना तात्काळ शस्त्रक्रिया न करता, ठराविक मुदतीने सोनोग्राफी करीत निरीक्षणाखाली ठेवण्याची मुभा द्यावी. गाठ वाढलीच तर त्या वेळी शस्त्रक्रिया करता येईल. दोन वर्षांनी टोकियोच्या कर्करोग संस्थेच्या रुग्णालयातही हाच क्रम सुरू झाला. ज्याची सारी विद्या काढून टाकण्याची, त्याने न काढण्याचा सल्ला द्यावा, यास किती धैर्य लागले असेल याची कल्पना आज त्या पद्धतीला मान्यता मिळाल्यावर येणे कठीण आहे. कुमा येथील १,२३५ रुग्णांचा जो वृत्तान्त २०१४ साली प्रसिद्ध झाला त्यानुसार, १० वर्षांत गाठ ३ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढण्याचे प्रमाण ८ टक्के आणि मानेतील लसीकाग्रंथींत रोग नव्याने दिसण्याचे प्रमाण ३.८ टक्के भरले. ज्यांची गाठ वाढली त्यांच्यावर नंतर शस्त्रक्रिया झाली, आणि थांबल्यामुळे त्यांचे विशेष काही बिघडले असे दिसले नाही. अपेक्षेच्या उलट असा एक शोधही यातून लागला: इतर बहुतेक कर्करोगांत वय वाढले की धोका वाढतो, तर येथे साठी उलटलेल्यांच्या गाठी सर्वांत स्वस्थ आणि चाळिशीच्या आतील रुग्णांच्या गाठी त्या मानाने चंचल ठरल्या. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१५ च्या आपल्या मार्गदर्शनात निरीक्षणाच्या या मार्गास निवडक रुग्णांसाठी स्थान दिले.

एका बाजूस शस्त्र आणि दुसऱ्या बाजूस निरीक्षण, या दोहोंच्या मधली जी जागा, तेथे सुईचे उपाय येतात. त्यांची सुरुवात कर्करोगासाठी झाली नाही. १९९० च्या सुमारास इटलीतील लिव्राघी यांनी थायरॉईडच्या निरुपद्रवी, पण अतिरिक्त स्राव करणाऱ्या गाठींत शुद्ध अल्कोहोल टोचून त्या सुकवण्याचा प्रयोग केला. २००० साली त्याच देशातील पाचेल्ला यांनी सुईतून बारीक काचतंतू गाठीत नेऊन लेसरच्या उष्णतेने ती जाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ नष्ट करण्याचे तंत्र सेऊलच्या आसान वैद्यकीय केंद्रातील बेक चुंग ह्वान व त्यांचे सहकारी यांनी सर्वांत पद्धतशीरपणे घडवले. सूक्ष्मलहरींची पद्धत चीनमध्ये विशेष प्रचारात आली. या सर्वांत आज अधिक वापरले जाते ते रेडिओलहरींचे तंत्र, म्हणून त्याची रीत थोडी तपशिलाने पाहू.

रुग्णास गुंगी दिलेली नसते. मानेची त्वचा आणि ग्रंथीचे आवरण एवढेच स्थानिक भुलीने बधिर केलेले असते, आणि डॉक्टर मधूनमधून त्याच्याशी बोलत राहतात, कारण त्याचा आवाज बदलला तर स्वरयंत्राच्या मज्जातंतूस उष्णता पोचू लागल्याची ती पहिली सूचना असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, मानेच्या मध्यरेषेजवळून, ग्रंथीच्या दोन भागांना जोडणाऱ्या पट्टीतून एक बारीक इलेक्ट्रोड गाठीकडे नेतात. या वाटेने गेल्यास सुई संपूर्ण लांबीत डोळ्यांसमोर राहते आणि ज्या कोनात तो मज्जातंतू वसलेला असतो त्याच्याकडे तिचे टोक सहसा वळत नाही. टोकाचा अर्धा ते एक सेंटिमीटर भाग उघडा असतो. त्यातून वाहणाऱ्या, दिशा झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाने भोवतीच्या पेशींतील आयन हेलकावू लागतात, त्या घर्षणाने उष्णता उपजते, आणि तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर गेले की पेशींतील प्रथिने गोठून त्या मरतात. उष्णता १०० अंशांच्या पुढे गेली तर ऊती करपून प्रवाहास अडथळा होतो व उष्णता पसरेनाशी होते, म्हणून सुईच्या आत थंड पाणी खेळते ठेवलेले असते. प्रवाह सुरू होताच पडद्यावर बुडबुड्यांचे पांढरे ढग उमटतात आणि त्यांच्या मागचे काही दिसत नाही. याकरिता जमीन सारवणारी गृहिणी जशी आतल्या कोपऱ्यापासून आरंभ करून दाराकडे मागे सरकत येते, तसे डॉक्टर सर्वांत खोल भागापासून काम करीत सुई मागे आणतात. गाठीची दृश्य सीमा हीच तिची खरी सीमा असेल याची खात्री नसल्याने भोवतालचा काही मिलिमीटरांचा निरोगी भागही जाळावा लागतो. ग्रंथी आणि मज्जातंतू किंवा श्वासनलिका यांमध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोजचे पाणी सोडून अंतर पाडतात. तेथे मिठाचे पाणी चालत नाही, कारण त्यातून वीज वाहते. हे सर्व साधारणपणे तासाभराच्या आत आटोपते, मानेवर सुईच्या खुणेपलीकडे व्रण राहत नाही, थायरॉक्झिनची गोळी बहुधा लागत नाही, आणि जळलेला भाग पुढील महिन्यांत आक्रसत जाऊन पुष्कळ वेळा सोनोग्राफीत दिसेनासा होतो.

कोरियातील एका अभ्यासात ७४ रुग्णांच्या ८४ गाठींचा पाच वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला, तेव्हा सर्व गाठी दिसेनाशा झालेल्या होत्या आणि रोगाची वाढ एकातही आढळली नाही. हा दाखला वाचून मन प्रसन्न होते, आणि नेमके येथेच वाचकाने थबकावे असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. सुईच्या उपायाची तुलना बहुधा शस्त्राशी केली जाते, आणि त्या तुलनेत तो जवळजवळ प्रत्येक बाबतीत सरस ठरतो. परंतु त्याचा खरा प्रतिस्पर्धी शस्त्र नसून निरीक्षण आहे. काहीही न करता ज्या गाठींपैकी शंभरांतील नव्वदांहून अधिक दहा वर्षे जागच्या हलत नाहीत, त्या गाठी जाळल्यावर पाच वर्षांत रोग वाढला नाही, एवढ्यावरून जाळण्याचा गुण सिद्ध होत नाही. तो सिद्ध होण्यास सारख्याच रुग्णांचे दोन गट समोरासमोर ठेवून, दीर्घ मुदतीने, मोजदाद करावी लागेल, आणि आजवरचा बहुतेक पुरावा एकेका रुग्णालयाने मागील नोंदी चाळून जमवलेला आहे.

शिवाय काही गोष्टी या उपायात मुळातच सुटतात. काढलेली गाठ रोगनिदानतज्ज्ञाच्या टेबलावर जाते. जाळलेली जात नाही, म्हणून तिचा प्रकार आधी सुईने काढलेल्या थोड्या पेशींवरूनच ठरलेला असतो. चीनमधील शस्त्रवैद्यांनी २०१८ साली उष्णतेच्या उपचारानंतर शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या १२ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, त्यांत कर्करोग शिल्लक असल्याचे आढळले. रुग्णांची निवड चुकली किंवा हात कच्चा असला तर काय होते, याचे ते प्रत्यंतर होय. मानेतील लसीकाग्रंथींत सूक्ष्मदर्शकानेच दिसतील असे कण आधीच पोचलेले असू शकतात आणि सुई त्यांच्यापर्यंत जात नाही, हा आक्षेपही वारंवार घेतला जातो. त्यात तथ्य आहे, परंतु निरीक्षणाखालील जपानी रुग्णांतही असे कण अनेकांत असलेच पाहिजेत आणि त्यांतील बहुतेक पुढे कधी डोके वर काढीत नाहीत, हे लक्षात घेता या आक्षेपाचे वजन मला बेताचेच वाटते.

तर मग हा उपाय कोणाचा? ज्याची गाठ एकच आहे, ग्रंथीच्या आत आहे, श्वासनलिकेला किंवा मज्जातंतूच्या बाजूच्या आवरणाला टेकलेली नाही, मानेत इतरत्र रोगाचे चिन्ह नाही, आणि जो वयामुळे, हृदयविकारामुळे किंवा अन्य कारणाने शस्त्रक्रियेस योग्य नाही, त्याची गाठ निरीक्षणात वाढू लागली असेल तर त्याच्यासाठी हा उपाय निःसंशय वरदान आहे. दुसरा वर्ग अधिक नाजूक. तिशीतील एखादी स्त्री, जिला गळ्यात कर्करोग आहे असे कळले आहे, जिची गाठ वाढत नाही, पण जी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीच्या तारखेपूर्वी रात्ररात्र जागते, तिला ‘काळजी करू नका’ एवढेच सांगून घरी पाठवणे ही निर्दयता आहे. मनाची ही झीजही व्याधीच, आणि तिच्या निवारणासाठी सुईचा मार्ग तिने समजून-उमजून पत्करला तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. मात्र सुईनंतरही सोनोग्राफीची वारी चुकत नाही, हे तिला आधी स्पष्ट सांगितलेले असावे. मला खरी भीती वाटते ती तिसऱ्या वर्गाची, ज्यांना कशाचीच गरज नव्हती अशा माणसांची. शस्त्रक्रियेचे भय हा आजवर अनावश्यक उपचारास एक नैसर्गिक बांध होता. इलाज सोपा, व्रणरहित आणि एका दुपारचा झाला की तो बांध राहत नाही, आणि कोरियात सोनोग्राफीचे जे झाले तेच सुईचे होण्यास वेळ लागणार नाही.

आपल्याकडे पुण्या-मुंबईसारख्या शहरांतून आरोग्यतपासणीच्या निमित्ताने किंवा मानेच्या रक्तवाहिन्या पाहताना अशा गाठी सहज नजरेस पडू लागल्या आहेत. तेव्हा एक सेंटिमीटरहून लहान, निरुपद्रवी दिसणाऱ्या गाठीत सुई घालून पेशी काढण्याची घाई न करणे हा पहिला संयम, आणि निदान झालेच तर निरीक्षण, सुई व शस्त्र हे तिन्ही मार्ग रुग्णासमोर सारख्याच प्रामाणिकपणे ठेवणे हे दुसरे कर्तव्य. हे तंत्र शिकू इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरांनी आपला हात आधी निरुपद्रवी गाठींवर पुरता बसवावा, आणि सूक्ष्म कर्करोगावर हा उपाय करणाऱ्या प्रत्येक केंद्राने पहिल्या रुग्णापासून दप्तर ठेवावे, ज्यात गाठीचे माप, जागा, आवाजाची अवस्था आणि पुढील किमान दहा वर्षांच्या सोनोग्राफींची नोंद असेल, व ज्यात निरीक्षणाचा पर्याय रुग्णास सांगितला होता की नाही, यासाठीही एक रकाना असेल.